सीमाभागातल्या पशुवैद्यकांचा ऑनलाइन गट : उभा कसा करायचा आणि त्यातून शिकत कसं राहायचं

“डाक्टर, म्हस तांबडं मुताय लागल्या ओ, लवकर या.”

जानेवारीतल्या एका रात्री खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून हा फोन आला. चौथ्या वेताची म्हैस, व्याल्याला अठरा दिवस झालेले, दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर दूध. गोठ्यात पोचलो तर लघवी काळ्या कॉफीसारखी. तांबडी लघवी म्हटलं की आपल्याला आधी बबेसिया, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तपेशींतला परजीवी आठवतो, आणि त्यावरचं डिमिनाझीन माझ्या बॅगेत होतंच. ते विरघळवायच्या आधी गोठ्याच्या दारात, जिथं नेटवर्कची एक काडी येत होती तिथं उभं राहून मी गटावर एक ओळ टाकली : “म्हशीला तांबडी लघवी, काय द्यावं?”

दहा मिनिटांत सात उत्तरं आली. साती वेगळी, आणि बहुतेकांत औषधाच्या नावापलीकडं काही नव्हतं. आठवा निरोप गडहिंग्लजच्या एका वयानं मोठ्या सहकाऱ्याचा होता. “ताप किती? व्याली कधी? खायला काय?”

मी थर्मामीटर लावलाच नव्हता. लावला तर १०१.२ फॅरनहाइट. बबेसियात सहसा १०४ च्या वर ताप चढलेला असतो. खायला भाताचं पिंजर आणि उसाचं वाढं, खनिज मिश्रण कधीच नाही. सरांनी पुढचं सांगितलं : लघवी काचेच्या नळीत अर्धा तास उभी ठेवा. तळाला लाल गाळ बसला तर अख्ख्या रक्तपेशी उतरताहेत. सगळी नळी एकसारखी तांबडी राहिली तर पेशी शरीरातच फुटून हिमोग्लोबिन उतरतंय. स्नायूंचं मायोग्लोबिनही असंच दिसतं, म्हणून थोडं रक्त काढून वरचं पाणी बघा, ते गुलाबी असेल तर हिमोग्लोबिन. नळी एकसारखी राहिली, वरचं पाणी गुलाबी निघालं. कानाच्या टोकाच्या रक्ताची काच रंगवून पाहिली, बबेसिया दिसला नाही. दुसऱ्या दिवशी रक्तातलं फॉस्फरस आलं २.१ मिलिग्रॅम. व्याल्यानंतर फॉस्फरस कमी पडून होणारी ती तांबडी लघवी होती. सोडियम ॲसिड फॉस्फेट सुरू केलं, तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली.

त्या रात्री मी डिमिनाझीन देऊन निघालो असतो तर म्हैस बहुधा गेली असती आणि मी ‘उशीर झाला होता’ एवढंच मालकाला सांगितलं असतं. सात उत्तरं देणारा गट आणि तीन प्रश्न विचारणारा गट यांत केवढं अंतर आहे, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या प्रकारचा गट कुणीही पाच मिनिटांत काढतो. दुसऱ्या प्रकारचा गट मुद्दाम घडवावा लागतो. आम्ही तो कसा घडवला आणि त्याच्या जोडीनं अभ्यास कसा चालू ठेवला, हे खाली सविस्तर लिहितोय. बेळगाव जिल्ह्यात, कारवार-हल्याळकडं किंवा पलीकडं चंदगड-जतला काम करणाऱ्या कुणालाही तसंच्या तसं करता येईल.

गटात कुणाला घ्यायचं

नोंदणीकृत पशुवैद्यक, एवढीच अट ठेवा आणि ती मोडू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे राज्य परिषदेत नोंद असलेल्यालाच व्यवसायाचा अधिकार आहे. आपल्याकडं ती नोंद कर्नाटक किंवा महाराष्ट्र, यांपैकी एका परिषदेत असते. प्रवेश देताना नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या यादीशी ताडून बघा. ओळखीच्या माणसाकडं क्रमांक मागायला संकोच वाटतो, पण आमच्याकडं पहिल्या महिन्यातच दोन औषध विक्रेते आणि एक खाद्याचे एजंट गटात निघाले होते. त्यांच्यासमोर कुणी आपली चुकलेली केस मोकळेपणानं मांडत नाही. याच वेळी आपापल्या नोंदणीची मुदतही बघून घ्या. नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि ते विसरलेले लोक मला दर वर्षी भेटतात.

पशुधन पर्यवेक्षक आणि लसटोचक यांचं काय? जनावर बहुतेक वेळा आधी त्यांच्याच नजरेला पडतं, त्यामुळे त्यांना वगळून चालणारच नाही. पण कायद्यानं त्यांना किरकोळ सेवा आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करायची मुभा आहे. उपचारांच्या चर्चेत ते नुसते वाचक म्हणून बसले की ‘गटावर डॉक्टरांनी लिहिलं होतं’ म्हणून इंजेक्शनं टोचली जातात. त्यांच्यासाठी वेगळा गट करा : लसीची थंड साखळी, कानातले बिल्ले, नमुने कसे पाठवायचे, कोणत्या लक्षणाला ताबडतोब डॉक्टर बोलवायचा. आमचा तो गट मुख्य गटाइतकाच जिवंत आहे.

संख्या पंचवीस-तीसच्या आसपास असावी. आम्ही खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी आणि पलीकडून चंदगड, गडहिंग्लज, कागल, जत असे तालुके धरले. जनावरांचे बाजार, ऊसतोडीच्या बैलगाड्या आणि मेंढ्यांचे वाडे या सगळ्या तालुक्यांतून फिरतात, रोगही त्याच वाटेनं फिरतो. माघातल्या चिंचलीच्या मायाक्का यात्रेला दोन्ही राज्यांतून बैल येतात. त्यानंतरच्या पंधरवड्यात अथणीच्या डॉक्टरांना काय दिसतंय ते कागलच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं. गट चालवणारे दोघे ठेवा, एक इकडचा आणि एक तिकडचा.

भाषेचं सुरुवातीलाच ठरवा. आमच्यात निम्म्याहून जास्त मराठी बोलणारे, बाकी कन्नड. ज्याला जी भाषा सोपी त्यानं त्या भाषेत आवाजी निरोप टाकावा, पण केस लिहून टाकताना रोगाचं शास्त्रीय नाव द्यावं, असं ठरलं. गावातल्या नावांची एक छोटी यादी करून वर चिकटवून ठेवली. लाळ्या-खुरकूत म्हणजे कालुबायी ज्वर, फऱ्या म्हणजे चप्पे रोग, लम्पी म्हणजे चर्मगंटु रोग, कासेची दगडी म्हणजे केच्चलु बावु. शेतकरी यातलं कुठलंही नाव घेतो आणि नवीन डॉक्टर गोंधळतो. सीमाप्रश्नावर आपल्यातल्या प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. ते या गटावर येत नाही, हा आमचा पहिला नियम. सणाच्या शुभेच्छांनाही दुसरीकडं जागा आहे.

केस कशी मांडायची

गटाचा सगळा कस इथंच लागतो, म्हणून इथं सावकाश लिहितो.

माझी ती एका ओळीची केस आज मी अशी टाकली असती : “म्हैस, चौथं वेत, व्याल्याला १८ दिवस, दूध ११ लिटर, अंदाजे वजन ४५० किलो. दोन दिवसांपासून कॉफी रंगाची लघवी, आजपासून चारा कमी. ताप १०१.२, नाडी ८४, डोळ्याची आतली बाजू फिकट, रवंथ मंद, शेण कडक. अंगावर गोचीड तुरळक. खायला पिंजर, वाढं, थोडी पेंड, खनिज मिश्रण नाही. याआधी कुणी काही दिलेलं नाही. तालुका खानापूर. प्रश्न : बबेसिया आणि फॉस्फरसची कमतरता यांत आज रात्री गोठ्यात फरक कसा करू?”

एवढं लिहायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं, कारण लिहिताना न तपासलेली गोष्ट उघडी पडते. पाच गोष्टी मात्र कधीच गाळू नका : वेत आणि व्याल्याचे किंवा गाभणपणाचे दिवस, ताप, चारा, आधी दिलेली औषधं वेळ आणि मात्रेसकट, आणि शेवटी एकच नेमका प्रश्न. ‘मार्गदर्शन करावे’ हा प्रश्न नाही. आधीची औषधं लिहायला लोक लाजतात, विशेषतः ती आपल्याच हातून गेलेली असली की. पण आदल्या दिवशी स्टिरॉइड टोचलेल्या गाईच्या तापाच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. ते समोरच्याला माहीत असायलाच हवं.

चाऱ्याबद्दल आपल्या भागापुरतं एक जास्तीचं. गाळप हंगाम सुरू झाला की चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीकडं गोठ्यात वाढ्याशिवाय काही दिसत नाही. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. व्याल्यावर बसलेली म्हैस, वार न पडणं, माजावर न येणं, यांतल्या कितीतरी केसांची मुळं तिथपर्यंत जातात. म्हणून ‘चारा : हिरवा’ एवढं लिहिलेलं आम्ही परत पाठवतो. हिरवा म्हणजे मका, हत्ती गवत की वाढं?

फोटोंचं. आधी संपूर्ण जनावराचा एक फोटो, बाजूनं, जमिनीसकट. मग जखमेचा किंवा गाठीचा जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. लंगडणाऱ्या जनावराचा फोटो निरुपयोगी, त्याचा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, एकदा मागून आणि एकदा बाजूनं, सपाट जमिनीवर चालवत. दम लागलेल्या जनावराच्या बरगड्या आणि कूस एकाच चौकटीत येतील असं धरा. रक्ताच्या काचेचा फोटो सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल टेकवून सहज निघतो. काचेच्या पातळ टोकाकडचा भाग निवडा, तेलाचं भिंग लावा, आणि कोणता रंग किती मिनिटं दिला ते लिहा. आमच्यातल्या एका मॅडमनी जुन्या पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून भिंगावर मोबाइल टेकवायची बैठक केली. हात हलत नाही, आणि आता आठ जणांकडं तशी बैठक आहे. जिम्सा रंग जुना झाला की त्याचे बारीक कण थायलेरिया या गोचिडातूनच येणाऱ्या परजीवीसारखे दिसतात आणि माणूस फसतो. शंका आली तर ताजा रंग करून दुसरी काच रंगवा.

उत्तर देणाऱ्यानं पाळायचं पथ्य

उत्तराच्या सुरुवातीला तीनपैकी एक शब्द लिहायचा : ‘अनुभव’, ‘पुस्तक’ किंवा ‘अंदाज’. एवढ्यानं निम्मा गोंधळ मिटतो. वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाचा अंदाज आणि छापील मात्रा यांचं वजन वेगळं असतं आणि वाचणाऱ्याला तो फरक कळायला हवा.

मात्रा मिलिलिटरमध्ये कधीच सांगू नका. ऑक्सिटेट्रासायक्लिनची बाटली एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची मिळते आणि २०० मिलिग्रॅमचीही मिळते. ‘वीस सीसी टोचा’ म्हटलं की एकाच शब्दात चौपट फरक पडला. मिलिग्रॅम प्रति किलो सांगा, हिशोब ज्यानं त्यानं आपल्या हातातल्या बाटलीवरून करावा. उदाहरण घ्यायचं तर थायलेरियासाठी बुपारव्हाक्वोन २.५ मिलिग्रॅम प्रति किलो. बाटली ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची असेल तर वीस किलोला एक मिलिलिटर, तीनशे किलोच्या गाईला पंधरा, मानेच्या स्नायूत खोल आणि दोन जागी विभागून. असा पूर्ण हिशोब एकदा दिसला की नवा डॉक्टर पुढच्या वेळी तो स्वतः करतो. दुभत्या जनावराला औषध सुचवताना दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही त्याच निरोपात लिहायचं.

आणि ज्येष्ठांना एक कळकळीची विनंती. पदवी घेऊन वर्षभर झालेल्या मुलीनं चुकीचं निदान लिहिलं तर तिथल्या तिथं तिची लाज काढू नका. तिला पुढचा प्रश्न विचारा. गडहिंग्लजच्या सरांनी मला ‘ताप न बघताच केस टाकलीत?’ असं चारचौघांत विचारलं असतं तर मी पुन्हा कधी तिथं तोंड उघडलं नसतं.

केस बंद करणं

हे कुणी करत नाही, आणि सगळं शिक्षण यातच आहे. जनावर बरं झालं की डॉक्टर पुढच्या गावाला जातो. मेलं की गप्प बसतो. सात जणांनी सात उपाय सांगितलेले असतात, कोणता लागू पडला हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच सात जण तेच सात उपाय सांगतात.

आमचा नियम असा आहे : केस टाकणाऱ्यानं तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी काय झालं ते लिहायचं. मेलं तर शवविच्छेदनाचे फोटो, शवविच्छेदन झालं नसेल तर तसं. ज्याची केस दहा दिवस उघडी राहिली त्याला त्या आठवड्याचा पाळीवाला, म्हणजे ज्याची गट सांभाळायची पाळी आहे तो, फोन करतो. पाळीवाल्याचं दुसरं काम म्हणजे बंद झालेली केस केसवहीत उतरवणं. ही केसवही म्हणजे सगळ्यांना उघडणारी एक ऑनलाइन तक्ता-फाइल : तारीख, तालुका, जात, वय-वेत, मुख्य लक्षण, पहिलं निदान, शेवटचं निदान, कशावरून ठरलं, उपचार, शेवट. मालकाचं नाव नाही, फोन नाही.

पहिलं निदान आणि शेवटचं निदान हे दोन रकाने शेजारी ठेवा. वर्षाच्या शेवटी ते खाली वाचत गेलात की आपण कुठं हमखास चुकतो ते समोर येतं. आमच्या वहीत लाल लघवीच्या म्हशींमध्ये पहिलं निदान बबेसिया आणि शेवटचं फॉस्फरस असं इतक्या वेळा आलं, की आता डिमिनाझीनच्या आधी थर्मामीटर बाहेर निघतो.

गटावर काय येऊ द्यायचं नाही

अचानक मेलेलं जनावर, नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त, अंग न ताठलेलं. हे अँथ्रॅक्स असू शकतं, ज्याला आपण फाशी म्हणतो. ते शव उघडायचं नाही. हवा लागली की जंतू बीजाणू धरतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं धोक्याची राहते. कानाच्या शिरेतून रक्ताची काच घ्या, शव पुरण्याची व्यवस्था बघा आणि गटाच्या आधी वरिष्ठ कार्यालयाला कळवा. लाळ्या-खुरकूत, लम्पी, ब्रुसेला, शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर, रेबीज हे सगळे २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीतले रोग आहेत, त्यांची खबर देणं बंधनकारक आहे. गटावरचा फोटो म्हणजे खबर नव्हे. उलट असा फोटो बाहेर गेला की बाजार पडतो, घाबरलेला माणूस आजारी जनावर रातोरात दुसऱ्या तालुक्यात विकतो आणि रोग आपणच पसरवल्यासारखं होतं. आधी खबर, मग गटाला फक्त तालुका आणि रोगाचा संशय एवढंच.

लाळ गाळणारी, काही अडकल्यासारखं करणारी गाय दिसली की तोंडात हात घालायच्या आधी रेबीज आठवा. आमच्या एका सहकाऱ्याला पूर्ण लस घ्यावी लागली होती. गटातल्या प्रत्येकानं रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी, ही माझी प्रवेशाची अट असती, बाकीच्यांनी विनंतीवर आणली.

विम्याचे दाखले, पोलीस प्रकरणातल्या जनावरांचे अहवाल, मालकाचा चेहरा किंवा घर दिसणारे फोटो, दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ‘बघा काय लिहिलंय’ हे सगळं बंद.

अभ्यासाचं साहित्य कुठून आणायचं

गट म्हणजे शेजाऱ्याचा सल्ला. पाया मजबूत करायचा तर रोजच्या रोज नाही, पण आठवड्याला दोन तास बसून वाचायला हवं. मी रविवारी सकाळी बसतो.

रोजच्या कामाला एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल पुरतं. ऑनलाइन फुकट आहे आणि केस हातात असताना पाच मिनिटांत बघता येतं. त्यातली काही औषधं आपल्याकडं मिळत नाहीत, तेवढं भान ठेवा. आपल्या जनावरांवरचं संशोधन हवं तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं इंडियन जर्नल ऑफ ॲनिमल सायन्सेस ऑनलाइन मोफत वाचता येतं. म्हशींवरचं, खिल्लारवरचं, आपल्या गोचिडांवरचं काम तिथं सापडतं, परदेशी पुस्तकांत ते जेमतेम एक परिच्छेद असतं. पुनरुत्पादनात रस असेल तर इस्सार या संस्थेच्या परिषदा आणि नियतकालिक धरून ठेवा.

शिस्तीनं शिकायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. साथींचा शोध, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू, असे विषय असतात आणि प्रमाणपत्र मिळतं. कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस वाढवणाऱ्या बेळगाव शहरातल्या मंडळींना व्हिन उपयोगी पडतं. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेलं हे फक्त पशुवैद्यकांचं जाळं आहे. वर्गणी बरीच आहे, पण जुन्या केसांचा शोधता येणारा साठा प्रचंड. आमच्या केसवहीची कल्पना मुळात अशाच साठ्यांवरून सुचली.

बेंगळुरूच्या दोन संस्था आपण वापरायला हव्यात त्याच्या दहा टक्केही वापरत नाही, असं माझं मत आहे. एक, पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी निवेदी. ही संस्था नाद्रेस या व्यवस्थेतून पुढच्या काळात कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग येण्याची शक्यता आहे याचा जिल्हावार इशारा देते. बेळगावचा इशारा वाचताना कोल्हापूर, सांगलीचाही वाचा. दुसरी, पशुपोषणाची नियान्प. आपल्या भागातल्या मातीत आणि चाऱ्यात काय कमी पडतं, त्यानुसार खनिज मिश्रण कसं असावं, यावर तिचं काम आहे. विद्यापीठांचं म्हणाल तर इकडं बिदरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आणि तिकडं नागपूरचं माफसू. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं शिरवळचं महाविद्यालय माफसूचंच, बेळगावहून रस्ता सरळ. दोन्हीकडची प्रशिक्षणं बघत राहा, राज्य दुसरं म्हणून सोडून देऊ नका.

औषध कंपन्यांचे वेबिनारही ऐकावेत, वक्ते पुष्कळदा उत्तम असतात. फक्त शेवटी एक प्रश्न विचारा : याच आजारावर स्वस्त आणि जुनं औषध काय वाईट आहे? एका वेबिनारमध्ये मी तो विचारला तेव्हा तो वाचलाच गेला नाही. त्यावरून मला जे समजायचं ते समजलं.

मिळालेली प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये वर्षाप्रमाणे ठेवा, तास आणि विषय लिहून. आणि नेटवर्कचं : कणकुंबी, जांबोटीच्या रानात पावसाळ्यात काही उघडत नाही. शहरात असतानाच पीडीएफ आणि व्याख्यानं उतरवून घ्या, मात्रांचा तक्ता मोबाइलमध्ये नेटशिवाय उघडेल असा ठेवा.

विषय हंगामाप्रमाणे लावा

एप्रिल-मेमध्ये घटसर्प आणि फऱ्या, कारण लस पावसाच्या आधी पडायला हवी. पाऊस लागला की गोचीड-ताप, खुरांचे आजार. पावसाच्या शेवटाला मेंढ्यांतली नीलजिव्हा, तेव्हा धनगरांचे वाडे परतीला लागलेले असतात. गाळप सुरू झालं की कॅल्शियम-फॉस्फरस, आणि ऊसगाडीच्या बैलांची खांदेसूज. या बैलांवर आपल्यात कुणी मन लावून अभ्यास करत नाही याचं मला वाईट वाटतं. पहाटे तीनला जू मानेवर घेणारा बैल आपल्या दारावरून जातो. मागच्या हंगामात आम्ही ठरवून चाळीस बैलांच्या खांद्याचे फोटो आणि जुवाची मापं गोळा केली. काम अजून चालू आहे.

दर महिन्याला एकानं एक विषय घ्यायचा, वीस मिनिटं बोलायचं, रात्री साडेनऊला, दूध संकलन आटोपल्यावर. सोबत केसवहीतल्या त्याच विषयाच्या केसा काढायच्या. नुसतं व्याख्यान लोक विसरतात, स्वतःची केस विसरत नाहीत.

आलेला निरोप तपासून घेणं

औषधांबाबतचे नियम बदलत राहतात आणि जुने निरोप फिरत राहतात. औषध दिलेल्या जनावराचं शव खाऊन गिधाडं मरतात म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर जनावरांपुरती बंदी २००६ साली आली. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक त्याच कारणानं २०२३ मध्ये बंद झाली. पण ‘तापाला कीटोप्रोफेन उत्तम’ असा निरोप मी त्यानंतरही पाहिला. गिधाडांना सुरक्षित म्हणून मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड आहेत. कोलिस्टिन हे प्रतिजैविक दूध-मांसाच्या जनावरांसाठी २०१९ पासून बंद आहे. असा बदल झाला की मूळ अधिसूचना शोधून गटाच्या वरच्या बाजूला चिकटवणं हे गट चालवणाऱ्याचं काम. बातमीचं कात्रण पुरेसं नाही.

घरगुती उपायांचंही तसंच करा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं कासेच्या दगडीवर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम हा लेप प्रसारात आणला. आमच्याकडं एक बाजू त्याला हसत होती, दुसरी सगळ्यालाच तो लावत होती. शेवटी ठरवलं : लेप लावायच्या आधी आणि नंतर सीएमटी, म्हणजे दगडी ओळखायची दुधाची चाचणी करून निकाल वहीत लिहायचा, दूध नासलेल्या आणि तापलेल्या केसा वेगळ्या मोजायच्या. वाद थांबला, मोजणी सुरू झाली.

दोन महिन्यांतून एकदा समोरासमोर

आम्ही संकेश्वरला भेटतो. निपाणी, बेळगाव, गडहिंग्लज तिन्हीकडून सोयीचं पडतं. येताना प्रत्येकानं आपल्या दोन काचा आणायच्या, एक खात्रीची आणि एक शंकेची. एकच सूक्ष्मदर्शक मध्ये ठेवतो आणि सगळे पाळीनं बघतात, नाव न सांगता निदान कागदावर लिहितात. मागच्या वेळी एकाच काचेवर अकरा जणांनी चार वेगवेगळी उत्तरं लिहिली. ती काच रंगाच्या कणांनी भरलेली होती. त्याच संध्याकाळी तिथंच नवा जिम्सा गाळून प्रत्येकाला छोटी बाटली भरून दिली.

कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद कशी शोधायची तेही तिथंच सगळ्यांनी हातानं करून बघितलं. गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेल्या गाईची लस कधी झाली ते हुक्केरीत बसून कळतं, क्रमांक देशभर एकच आहे.

त्या रात्रीची म्हैस पुढच्या वेताला खनिज मिश्रणावर होती. व्याल्यावर पंधराव्या दिवशी मी मुद्दाम वाडीवर गेलो आणि लघवीचा नमुना घेतला. स्वच्छ होता. गोठ्याच्या दारात, त्याच एका काडीवर, केस बंद केल्याचा निरोप टाकला. गडहिंग्लजच्या सरांचं उत्तर आलं : “दूध किती?”